दाक्षायणीच्या छातीचा फोटो

हे मी आजवर कुणाला शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. एकदा पुण्याच्या मुलीला फोनवर सांगायला लागलो, तर ती मध्येच म्हणाली, "बाबा, साखर कधी तपासलीत?" तिचं चुकलं नाही. शहात्तर वर्षांचा, छातीच्या रोगांचा डॉक्टर असं काही बोलू लागला, तर मीसुद्धा आधी त्याची साखरच तपासली असती. तुम्ही विचारलंत, आणि मला इथून उठायचा कंटाळा आला आहे, म्हणून सांगतो.

सुरुवात अगदी साधी होती. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तालुक्याच्या आरोग्य कार्यालयातून फोन आला. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गावात क्षयरोग तपासणीचं शिबिर आहे, शंकेचे फोटो बघायला छातीचा कुणी डॉक्टर हवा, याल का. गावाचं नाव ऐकून मी नाही म्हणायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते "येतो." माझं आयुष्यभर असंच होत आलं आहे.

माझं नाव शिवयोगी कलशेट्टी. सोलापुरात एकेचाळीस वर्षं छातीचे आजार बघितले. गिरण्या होत्या तेव्हा कापसाच्या धुळीनं चोंदलेली फुफ्फुसं, पुढे टॉवेलच्या कारखान्यांतली, विड्या वळणाऱ्या बायकांची, आणि या सगळ्यांच्या तळाशी कायम क्षय. दवाखाना बंद करून सहा वर्षं झाली. डाव्या कानात यंत्र आहे. स्टेथोस्कोप लावताना ते काढावं लागतं, आणि मग ऐकू येतं ते खरंच छातीतलं की माझ्याच कानातलं, अशी शंका येत राहते.

शिबिर शाळेत होतं. सुट्टी लागलेली, बाकं भिंतीला सरकवलेली. पडद्यावरचे फोटो दिसावेत म्हणून खिडक्यांवर चादरी टांगल्या होत्या, आपल्या सोलापुरी, मोरांच्या. त्यामुळे उजेड गेला आणि उकाडा तेवढा आत राहिला. बाहेर त्रेचाळीस अंश. एक्स-रे यंत्र आता कॅमेऱ्याएवढं असतं, हातात धरून काढतात. समोर प्लेट, प्लेटला छाती टेकवून माणूस. फोटो लगेच लॅपटॉपवर येतो आणि संगणकच तो वाचून क्षयाची शक्यता किती टक्के ते सांगतो. हिरवा म्हणजे घरी जा, लाल म्हणजे थुंकी द्या.

यंत्र चालवणारा मंजुनाथ चाळिशीचा, गोल पोटाचा आणि बोलका होता. मी आल्या आल्या त्यानं वाकून "शरणार्थी, सर" असा आम्हा लिंगायतांचा नमस्कार केला आणि खुर्ची पुसून दिली.

"तुमी नुसतं बसा, सर. वाचायचं काम हेच करतंय." त्यानं लॅपटॉपवर टिचकी मारली. "लई हुशार. पण हिरवं म्हणायची लई घाई याला. माझी सासू उभी केली तर तिलापण नॉर्मल म्हणंल."

"सासूबाईंना काय झालंय?"

"काय न्हाय. नुसता स्वभाव."

दारात नावं लिहिणारी आरोग्य सेविका महेश्वरी हसली आणि म्हणाली, "हळू बोला, मंजुनाथ. त्यांचं माहेर याच गावचं हाय."

त्या गावात बहुतेक घरं आम्हा लिंगायतांची. बहुतेकांच्या गळ्यात इष्टलिंग, चांदीच्या डबीत, दोऱ्याला बांधून छातीवर. ते अंगावेगळं करायचं नसतं, मेल्यावरसुद्धा. आमच्यात माणसाला बसवून पुरतात आणि त्याच्या डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात. त्यामुळे मंजुनाथ प्रत्येकाला एकच सांगत होता, "लिंग काढायचं न्हाय, आज्जी. नुसतं वर घ्या. दोनी हातानं डोक्यावर धरा. आता मोठा श्वास." ही पद्धत या तालुक्यात माझ्याच एका पत्रानं सुरू झाली. ते पत्र मी का लिहिलं, ते पुढे येईलच.

दुपारी तीनपर्यंत एकशे दहा फोटो झाले. धुरानं काळवंडलेली फुफ्फुसं, जुन्या न्यूमोनियाचे वण, एका म्हाताऱ्याची विडीनं फुगून पिंपासारखी झालेली छाती. चार लाल निघाले, त्यांच्या थुंकीच्या डब्या भरून घेतल्या. माझे डोळे चुरचुरत होते. आता घरी जाऊन पाठ टेकावी, एवढंच मनात होतं.

तेव्हा दाक्षायणी आत आली.

अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची असेल. महेश्वरीनं वजन लिहिलं होतं अडतीस किलो. हातात कापडी पिशवी, पिशवीत दम्याचा पंप. सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला जाते, म्हणाली. एक वर्ष झालं खोकला आहे.

"दमा हाय म्हणत्यात," ती म्हणाली. "तीन डॉक्टर झाले."

"पंपानं बरं वाटतं?"

"वाटत न्हाय. पण घेते. न्हाय घेतलं तर नवरा वरडतोय, पैशे घालून आणलंय म्हणून."

"लहानपणी दमा होता? थंडीत, धुळीत वाढतो? सुट्टीनंतर कामावर गेलीस की त्या दिवशी छाती जास्त आवळते?"

सगळ्याला ती मान हलवून नाही म्हणाली. रोज सारखंच. संध्याकाळी अंग कणकणतं. साडीच्या निऱ्या जास्त येऊ लागल्यात.

मी कानातलं यंत्र काढलं आणि तिची छाती ऐकली. दम्याची शीळ दोन्ही बाजूंना वाजते, अनेक सुरांत, जणू बऱ्याच बारीक फटींतून वारा शिरतोय. हिची उजवी बाजू स्वच्छ होती. डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, एकच सूर होता. श्वास घेताना तोच, सोडताना तोच. एकाच जागी एकच मोठी नळी आवळलेली असावी तसा. मी तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा वाटलं, हा माझ्या कानातला तर नाही?

"मोठा श्वास घे."

"घेते की. पण हितं येऊन थांबतोय." तिनं छातीच्या डाव्या बाजूला बोट लावलं. "हितं गार लागतंय, सर. बर्फ ठिवल्यागत."

त्या खोलीत गार असं काहीच नव्हतं. माठातलं पाणीसुद्धा कोमट झालं होतं.

मंजुनाथनं तिला उभं केलं. तिनं लिंग वर घेतलं, दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, छाती प्लेटला टेकवली. मी समोरच होतो, तिचे दोन्ही हात मला दिसत होते. टक् असा आवाज झाला आणि फोटो पडद्यावर आला.

"लिंग खाली आलं की गं," मंजुनाथ म्हणाला.

डाव्या फुफ्फुसाच्या मुळाशी, जिथून नळ्या फुटतात, तिथे लंबगोल, पांढरीशुभ्र, काठ कापल्यासारखी सावली होती. चांदीची डबी. असे हजार फोटो मी पाहिले असतील. खाली संगणकाचा आकडा आला: सहा टक्के. हिरवा.

"न्हाय आलं," दाक्षायणी म्हणाली. तिचे हात अजून डोक्यावरच होते. तिनं मूठ उघडून दाखवली, डबी तिच्या हातात होती.

मंजुनाथनं तिचा दोरा पाहिला, पदराची पिन पाहिली, प्लेट फडक्यानं पुसली. पुन्हा फोटो. पुन्हा तीच सावली, त्याच जागी. पुन्हा सहा टक्के.

"आधीचा फोटो अडकून बसला असंल," तो म्हणाला. मग स्वतःच प्लेटपुढे उभा राहिला आणि यंत्राचं बटण माझ्या हातात दिलं. त्याचा फोटो आला, स्वच्छ, पोट सोडून. त्यावरही तो काहीतरी विनोद करणार होता, पण केला नाही.

मी दाक्षायणीला विचारलं, "तू कुणाची?"

"रेवणप्पाची. अव्वाचं नाव पार्वतम्मा. अव्वा वारली."

ते मला माहीत होतं.

आता ते सांगायला हवं. दहा वर्षांपूर्वी त्याच गावात एका ट्रस्टचं शिबिर होतं. एक्स-रेची गाडी आली होती आणि डॉक्टर मी होतो. पार्वतम्मा पंचेचाळिशीची, दोन महिने खोकला, संध्याकाळी ताप. तेव्हाचा यंत्र चालवणारा तिला म्हणाला, लिंग काढून ठेवा. तिनं डबी मुठीत धरली आणि म्हणाली, "लिंग काढलं म्हंजे जीव काढला. मग फोटो कुणाचा काढणार तुमी?" मला तिचं उत्तर आवडलं, मी हसलो. तिच्यामागे ऐंशी माणसं उभी होती. मी म्हटलं, "राहू द्या." ती प्लेटला कशी उभी राहिली, तेसुद्धा मी वळून पाहिलं नाही.

फोटोत डबी बरोबर डाव्या मुळावर आली होती. चांदीतून किरण जात नाहीत. तिच्यामागे डोंगर असला तरी दिसणार नाही. दोन महिन्यांचा खोकला आणि ताप, म्हणजे थुंकी तपासायलाच हवी, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. थुंकीच्या डब्या संपल्या होत्या. मी लिहिलं, छाती निर्दोष, चुलीच्या धुराचा जुना खोकला. आणि खोकल्याच्या दोन बाटल्या दिल्या.

सात महिन्यांनी रेवणप्पा सोलापूरला माझ्या दवाखान्यात आला. पार्वतम्मा रक्त ओकून गेली होती. मोठ्या इस्पितळात काढलेला फोटो त्यानं आणला होता. त्यात डाव्या मुळाशी लिंबाएवढा पोकळ खड्डा होता. तो भांडायला आला नव्हता. माझा जुना फोटो आणि नवा, दोन्ही टेबलावर ठेवून त्यानं विचारलं, "डॉक्टर, ह्ये तुमच्या फोटोत का न्हाय?"

मी म्हटलं, "तेव्हा काही नव्हतं."

त्यानं मान हलवली, हात जोडले आणि गेला. जुना फोटो टेबलावरच राहिला. तो मी शंभर वेळा दिव्यासमोर धरला असेल. डबी आणि डबीचा काठ. तिच्याआड काही होतं की नव्हतं? कदाचित खरंच नसेल. पण ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत असल्यासारखं मी सांगितलं. ते पत्र मी त्यानंतर लिहिलं, लिंग डोक्यावर धरण्याचं. पत्रात कारण लिहिलं नाही.

तर आता तिची मुलगी माझ्यासमोर उभी होती.

"आणखी एक काढ," मी मंजुनाथला म्हटलं.

"सर, दोन झालेत... किरणं..."

"एक काढ."

महेश्वरी बाहेर रांगेत कुणाला तरी समजावत होती. आत आम्ही तिघंच. दाक्षायणीनं डोळे मिटले, हात डोक्यावर, छाती प्लेटला. तेवढ्यात वीज गेली. पंख्याची पाती हळूहळू थांबली आणि खोलीत तिचा श्वास ऐकू यायला लागला. यंत्र नसलेल्या कानानं, सहा फुटांवरून. तोच एक सूर. आत जाताना, बाहेर येताना. आणि ओल्या मातीचा वास आला. एप्रिलात. पावसाचा वास असतो तसा तो नव्हता. खोल खणल्यावर खालची माती वर येते, तिचा असतो तसा.

यंत्र बॅटरीवर होतं. टक्.

फोटो पडद्यावर उमटला आणि आम्ही दोघं पाहत राहिलो.

डबीभोवती बोटं होती. हाडांची, अर्थात. एक्स-रेत दुसरं काय येणार? चार बोटं, वर अंगठा, तळव्याची लहान लहान हाडं, मनगटाची आठ. हात डबीवर पालथा ठेवलेला होता, आपण दिव्याला वारा लागू नये म्हणून ठेवतो तसा. मनगटाच्या पुढे काही नव्हतं.

मी काय केलं सांगू? हाडं मोजली. मी अंगठा कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं. डावा हात. मग काठ पाहिले. जी वस्तू प्लेटला जवळ असते तिचे काठ रेखीव येतात, लांबची पुसट येते. हा हात तिच्या बरगड्यांइतकाच रेखीव होता. तिची छाती प्लेटला चिकटली होती, मध्ये हात जायला जागा नव्हती.

खाली आकडा आला. सहा टक्के. हिरवा. संगणकाला हात दिसतच नव्हता.

"सर..." मंजुनाथ अगदी हळू म्हणाला, "हात कुणाचा?"

"बाजूनं काढ."

"न्हाय काढत, सर."

"मंजुनाथ, बाजूनं काढल्याशिवाय ते किती खोल आहे ते कळत नाही."

मला ती खोली का हवी होती, ते मला आजही सांगता येणार नाही. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. त्यानं तिला वळवून बाजूनं उभं केलं. यंत्र हलू नये म्हणून मी त्याचं मनगट धरलं.

बाजूच्या फोटोत छातीच्या हाडापुढे, जिथे डबी लोंबायला हवी, तिथे काही नव्हतं. डबी आणि हात छातीच्या मधोमध होते. आत. श्वासनळीच्या दोन फांद्या होतात तिथून जरा डावीकडे.

दाक्षायणीनं डोळे न उघडता विचारलं, "झालं?"

"झालं, बाळा," मी म्हणालो. "बस."

मंजुनाथ लॅपटॉपकडे बघतच नव्हता. "सर, ह्ये वर गेलं तर मला विचारतील. नोकरी कंत्राटी हाय माझी. पुसू का? पहिला ठेवतो. पहिल्यात नुसतं लिंग हाय."

मी हो म्हणालो. पुरावा म्हणून काही उरलं नाही ते असं. तुम्ही विचारण्याआधीच सांगितलेलं बरं.

वीज आली, पंखा सुरू झाला, मातीचा वास गेला. महेश्वरी आत आली आणि तिनं आकडा पाहिला. "सहा टक्के. हिरवं. नॉर्मल लिहू, सर?"

माझ्या हातात पेन होतं. हिरवा आकडा होता, थकवा होता, बाहेर अजून तीस माणसं होती. सगळं अगदी दहा वर्षांपूर्वीसारखं. नॉर्मल लिहायला दोन सेकंद लागतात. आणि माझ्या मनात असंही आलं, की तो हात झाकतोय. आईसारखंच मुलीचंही झाकतोय, मी पुन्हा 'निर्दोष' लिहावं म्हणून. मग वाटलं, नाही, जागा दाखवतोय. दोन्ही गोष्टींना एकच फोटो पुरतो. तेव्हा मी हाताचा विचार सोडला आणि जे खरं होतं तेवढंच लिहिलं: डाव्या मुळाचा भाग दिसत नाही. डाव्या बाजूला एकसुरी शीळ. थुंकीची आणि दुर्बिणीची नळी घालून तपासणी आवश्यक.

"हिरवं असताना पुढं पाठवता येत न्हाय, सर," महेश्वरी म्हणाली. "वरून विचारतात. कारण काय लिहू?"

"डॉक्टरला दिसत नाही, असं लिही."

"असं कुणी लिवत न्हाय."

"माहीत आहे."

दाक्षायणी बाकावर बसून ऐकत होती. "फोटोत काय न्हाय तर कशाला जायचं?" ती म्हणाली. "कामावर खाडा झाला की दुसरी बसवत्यात. घरात चार वर्षांची पोर हाय."

"हा दमा नाही, असं मला वाटतं. मुख्य नळीत क्षय असेल तर फोटो स्वच्छ दिसू शकतो आणि छाती दम्यासारखी वाजते. औषधानं बरा होतो. उशीर झाला तर नळी कायमची आवळते." मी थांबलो. "माझं चुकतही असेल."

"डॉक्टरच असं म्हणायला लागले तर आमी काय करायचं?"

तिनं पिशवी उचलली, पंप आत टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अव्वाला तुमीच बघितलं हुतं नव्हं?"

"हो."

"अव्वा म्हणायची, त्या डॉक्टरनी बघितलं आन् निम्मं बरं वाटलं." तिनं पिशवी खांद्याला लावली. "कधी यायचं, सांगा."

माझा एक जुना विद्यार्थी आता सोलापुरात हे काम करतो. त्यानं दुसऱ्याच आठवड्यात नळी घालून पाहिलं. डावी मुख्य नळी आवळत आली होती, आत दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा थर होता. तपासणीत क्षयाचे जंतू निघाले. मी त्याला विचारलं, सीटी स्कॅनमध्ये तिथे धातूचं काही दिसलं का? तो म्हणाला, "सर, धातू कुठून येणार?" सहा महिन्यांची औषधं सुरू झाली. महेश्वरी दर आठवड्याला तिच्या घरी जाऊन गोळ्यांचं पाकीट बघायची. खोकला दुसऱ्या महिन्यात थांबला. वजन अडतीसचं सत्तेचाळीस झालं. शीळ गेली, मी स्वतः ऐकलं.

औषधं संपल्यावर तिचा फोटो काढला, मंजुनाथनंच. महेश्वरी तो घेऊन माझ्या घरी आली, सोबत दाक्षायणीनं दिलेल्या शेंगांच्या पोळ्या. आनंदात होती. मी फोटो खिडकीपुढे धरला.

फुफ्फुसं स्वच्छ होती. डबी नव्हती. हात होता. त्याच जागी, तोच डावा, मनगटापर्यंत. फक्त आता बोटं मिटलेली होती. मूठ होती ती.

"काही दिसतंय तुला?" मी विचारलं.

महेश्वरीनं जवळून पाहिलं. "स्वच्छ हाय की, सर. दोन टक्के आलं. आता काळजीच न्हाय."

संध्याकाळी मंजुनाथचा फोन आला. तो म्हणाला, "बघितला का, सर?"

"बघितला."

"मग मी काय बोलत न्हाय." त्यानं फोन ठेवला.

पुढचे तीन महिने मी काहीच केलं नाही. डोळ्यांची तपासणी करून घेतली, साखर तपासली, मेंदूचा फोटोही काढला. वयाच्या मानानं सगळं ठीक होतं. शेवटी मार्चमध्ये एका दुपारी मी गाडी करून त्या गावात गेलो. रेवणप्पाला सांगितलेलं ते एक वाक्य मला परत घ्यायचं होतं. बाकी काही नाही.

तो बाहेरच्या सोप्यात पोत्यावर बसला होता. पार थकला आहे. आतल्या खोलीत दाक्षायणी काही काम करत होती, तिची मुलगी दारात खडूनं रेघा मारत होती. मी खुर्ची नाकारली आणि त्याच्यासमोर खाली बसलो. गुडघे दुखले.

"रेवणप्पा, तुम्ही मला विचारलं होतंत, जुन्या फोटोत ते का नाही. मी म्हणालो, तेव्हा काही नव्हतं. ते खोटं होतं. लिंगाच्या डबीमुळे तिथलं मला दिसतच नव्हतं. न दिसता मी लिहिलं. थुंकीही तपासली नाही."

मला वाटलं, आता तरी हा रागावेल. त्यानं बसल्या बसल्या जमिनीवरची एक काडी उचलली आणि मोडली.

"डबीमुळं न्हाय दिसलं," तो म्हणाला. "डबी आन् हात."

"हात?"

"घरी येऊन तिनंच सांगितलं मला. ती किरणं लिंगावर पडू न्हायत म्हणून पदराआडनं हात झाकून उभी ऱ्हायली. डावा. गार पडला हुता म्हणायची, त्या लोखंडावर दाबून. तुमाला फोटोत दिसला असंल की हात."

पार्वतम्माचा तो फोटो माझ्या कपाटात आहे. शंभर वेळा पाहिला आहे. त्यात डबी आहे आणि डबीचा काठ आहे. हात नाही.

"दिसला असंल," तो स्वतःशीच पुन्हा म्हणाला. मग आतल्या दाराकडे बघून त्यानं आवाज खाली आणला. "आमच्या दाक्षीच्या फोटोत आता काय न्हाय नव्हं?"

इतक्या लांब मी खोटं परत घ्यायला आलो होतो. त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते, खडूची रेघ ओढता ओढता ती पोरही थांबून माझ्याकडे बघत होती.

"काही नाही," मी म्हणालो.

त्यानं हात जोडले, त्या वेळी जोडले होते तसेच. मी भिंतीला धरून उठलो. बाहेर ऊन रटरटत होतं, अंगातला सदरा पाठीला चिकटला होता. जाता जाता मी आत डोकावलो. चुलीवर काही ठेवलेलं नव्हतं, तरी चूल पेटलेली होती. दाक्षायणी चुलीच्या अगदी तोंडाशी बसली होती, डावी बाजू विस्तवाकडे करून.